सैल केलेल्या शिवणी

आमची वहिनी चोरून खायची, असं आज कुणी म्हणालं तर त्याची जीभ हासडून हातात देईन मी. पण मग पहिली जीभ माझीच हासडावी लागेल, तेही खरंच आहे.

वहिनी किराणा दुकानात सुटा माल पुड्यांत भरायची. एकोणीस वर्षं उभ्यानं. हाताचा अंदाज असा, की मूठभर डाळ उचलून म्हणायची, "एकशे दहा." काट्यावर टाकली की एकशे दहाच. मात्र उभं राहून राहून गुडघे कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, आठ किलो वजन कमी करा, मग ऑपरेशन करू. ती घरी येऊन हसत म्हणाली, "दिवसाला दोनशे किलो माल हलवते मी. आठ किलोंचं काय घेऊन बसलेत!"

त्या दिवसापासून ओट्यावर वही आली. अंडं उकडलं की वहीत. पावाची स्लाइस आधी काट्यावर आणि मग ताटात. चवीला चमचा चाटला तरी लिहायची, "चमचा चाटला, दहा." दिवसाला बाराशे कॅलरी म्हणजे बाराशे, इकडची तिकडे नाही. दीड महिन्यात ब्याऐंशीचे एकोणऐंशी झाले. मुलगी पास झाल्यासारखं ती सगळ्यांना सांगत सुटली.

आणि मग काटा उलटा फिरला. ऐंशी. एक्क्याऐंशी. तिनं बाराशेचे हजार केले, हजाराचे नऊशे. तरी ब्याऐंशी!

माझा दादा शाळेत गणित शिकवतो. वही चाळून तो म्हणाला, "गणित जुळत नाही, म्हणजे कुठला तरी आकडा खोटा आहे."

"मी खोटं लिहीन?"

"मी तसं कुठं म्हटलं?" तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी बिस्किटांचा डबा आपल्या कपाटात ठेवून त्यानं कुलूप लावलं.

मीही काही कमी नव्हते. त्यांच्याकडे जेवायला गेले होते. वहिनीनं दोन घास खाऊन ताट सारलं. "पोट भरलं गं, आताशा लगेच भरतं." मी म्हटलं, "भरणारच. घरात उंदीर झालेत म्हणे, दोन पायांचे!" दादा खो खो हसला. वहिनीही हसली, मग उठून भांडी घासायला लागली, आणि बराच वेळ घासत बसली.

आता माझं सांगते. मी शिवणकाम करते, स्वतःचं दुकान आहे. त्या किराणा दुकानातल्या बायकांचे निळे कोट मीच शिवायचे. वहिनी कोट घेऊन आली, म्हणाली, "पोटावर बटण ओढतंय बघ जरा." मी टेप लावली. पोटाचा घेर तीन इंच वाढलेला. आणि दंड? दंड इंचभर कमी.

बावीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरते मी. पोट वाढलं की दंडही भरतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हे माप चमत्कारिक आहे, असं मनात आलंही. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. बाईचं माप वाढलं तर ते तोंडानं बोलायचं नाही. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवलेलं असतं, ते गुपचूप सोडायचं आणि म्हणायचं, आहे तस्संच आहे हो. गिऱ्हाईक खूश, आपण खूश. वहिनीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी म्हटलं, "माप तेच आहे गं. कापड आटलं असेल." तिचा चेहरा उजळला.

चार महिन्यांत तीनदा सोडली मी ती शिवण. तिसऱ्यांदा आतलं कापड संपलं, तर रंग जुळवून पट्टी जोडली. एवढी बेमालूम जोडली की माझंच मला कौतुक वाटलं. आग लागो त्या कौतुकाला.

एका दुपारी किराणा दुकानात तिला धाप लागली. दादा शाळेत होता, म्हणून मीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, बोटांनी वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पोट कधीपासून वाढतंय? कपडे घट्ट व्हायला लागून किती दिवस झाले?"

वहिनी म्हणाली, "कपडे घट्ट झाले ते कापड आटल्यामुळे, डॉक्टर. नणंद शिवते ना माझी. माप तेच आहे."

"मी सैल करत होते," मी म्हटलं. "चार महिने." डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. वहिनी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

अंडाशयात गाठ होती, आणि ती पसरली होती. पोटात पाणी साठत होतं, वजन वाढत होतं ते त्या पाण्याचं. चार महिने आधी आलो असतो तर? मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही." भल्या बाई. पण हो म्हणाल्या असत्या तर निदान एकदाच रडून मोकळी झाले असते.

सुईनं पोटातलं पाणी काढलं. सात लिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं तिला धरून काट्यावर उभं केलं. शहात्तर. वहीतल्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा तीन किलो खाली. दंडाची नुसती कातडी लोंबत होती, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. एवढी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"पाहिलंस?" ती दादाला म्हणाली. "मी चोरून खात नव्हते."

दादानं तिचा हात धरला. तो म्हणाला, "माहीत आहे गं मला."

"आज माहीत झालं," वहिनी म्हणाली. "तेव्हा उपाशी होते मी."

त्यानंतर ती सात आठवडे होती. आम्ही दोघं तिला विचारायचो, काय खातेस, काय करून आणू? ती म्हणायची, काही नको, भूक नाही. यावेळी आम्ही लगेच विश्वास ठेवला.