भावजयीच्या गालावरचा उजेड

माझ्या धाकट्या भावाची बायको जिवंत आहे आणि माझी मेली, हे मला अजून सहन होत नाही. मला आडून बोलता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. शाळा लवकर सुटली आणि आयुष्य दिघीच्या खाडीत आणि बाहेरच्या दर्यात होडीवर गेलं. भाऊ न मी एकाच होडीवर. घरंही लागून, मधे एक भिंत. त्याच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज माझ्याकडे येतो. माझ्याकडून आता काही जात नाही.

दोघी जावा सकाळी एका पायरीवर बसून मशेरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दात-हिरड्या घासत गावभरच्या गोष्टी करायच्या. तवा एक, तंबाखू एक. माझ्या बायकोच्या गालाला आतून पांढरा डाग पडला तेव्हा मी तिला लगेच दवाखान्यात नेलं होतं. तोंड आलंय म्हणाले, जांभळं औषध दिलं. जखम भरेना तेव्हा मुंबईला नेलं. तिथे गालाचा तुकडा काढला, तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंत मानेत गाठ आली होती. गाल कापला, तरी शेवटी तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती.

ती गेल्यावर काही महिन्यांनी तसाच डाग भावजयीच्या गालात निघाला. भाऊ येऊन दारात उभा राहिला.

"दादा, बोर्लीच्या दवाखान्यात मुंबईचे डॉक्टर मशीन घेऊन आलेत. कापत न्हाईत, नुसता उजेड टाकून बघतात. तू चल. तुला सगळं ठावं हाय."

मला ठाऊक आहे ते मी कसं शिकलो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तरी गेलो. मिनीडोर रिक्षात भावजय मागे, पदर ओढून. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने मला जे काय सांगितलं ते दाराआडून, नाहीतर नवऱ्याच्या नावावर.

मशीन म्हणजे एक पेटी, तिला वायर, वायरीच्या टोकाला पेनासारखी कांडी. डॉक्टरीणबाई तरुण होती.

"मावशी, याला रामन तपासणी म्हणतात. गालावर लाल उजेड टाकायचा. बराचसा उजेड जसा गेला तसा परत येतो. थोडासा मात्र रंग बदलून येतो. मांस कशाचं बनलंय त्यावर तो बदल ठरतो. दुखणार नाही."

तो बदल पडद्यावर रेघ होऊन उमटतो. तिने एका धडधाकट माणसाच्या गालाची रेघ दाखवली. कुठे सुळके, कुठे उतार. बाहेरच्या दर्यातून आम्ही डोंगरांच्या रांगेवरून बंदर ओळखतो, तशीच ती रांग. मला ते पटलं, आणि पटलं तसा जीव जळाला. माझी बायको तोंड उघडून बसली होती तेव्हा ही पेटी कुठे होती?

भावजयीच्या गालाला कांडी लावली. रांग काही आली नाही, नुसतीच एक मोठी लाट चढत गेली. डॉक्टरीणबाईने विचारलं, "मावशी, मशेरी लावलीत का?"

लावली होती. डॉक्टरसमोर घाणेरडं तोंड कसं उघडायचं म्हणून दवाखान्यामागच्या नळावर चांगली घासून आली होती. आमच्यातली कुठलीही बाई हेच करते. डॉक्टरीणबाई म्हणाली, या उजेडात मशेरीच एवढी चमकते की मांसाचा उजेड तिच्यात बुडून जातो. आता काहीच सांगता येत नाही. मशेरी बंद ठेवा, परवा परत या, परवा आमचा शेवटचा दिवस.

भावाने त्यातलं अर्धंच घेतलं. "काय दिसलं न्हाय," असं तो मिनीडोरमध्ये सगळ्यांना सांगत आला. त्याच्या घरी आनंदाने सुरमई तळली. तो वास घेत मी एकटा बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय पायरीवर मशेरी लावत होती. परत जाणार नाही म्हणे. मला उठायचं नव्हतं. दुसऱ्याच्या बायकोने जगावं म्हणून मी का विनवण्या करू? पण माझ्या बायकोच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि यांना सांगूनही ऐकायचं नव्हतं. त्या रागाने मी उठलो.

मी अंगणात आलेला बघून ती आत वळली.

"आत जाऊ नको. तुझ्याशीच बोलतोय."

"दादा, तिला काय ते मी..." भाऊ मधे आला.

"तू गप. सुरमई खा." मग तिला म्हटलं, "दिसलं न्हाय म्हणजे डाग गेला न्हाय. धुक्यात खडक दिसत न्हाय, म्हणून काय तिथून होडी घालायची?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "भावजींना सांगा, मला गाल कापून घ्यायचा न्हाय. जाऊबाईंचा बघितलाय मी."

"तू लांबून बघितलास. जखम मी धूत होतो."

तेव्हा तिने पदर मागे सारला आणि माझ्याकडे बघितलं. "भावजी, खरं सांगा. मी जगावं असं वाटतं तुम्हाला?"

"न्हाय वाटत," मी म्हटलं. "ती गेली न तू हायस, हे बघवत न्हाय मला. पण तिच्यासारखी मरायला लागलीस तर ते त्याहून बघवायचं न्हाय. थुंक ती मशेरी."

भावाने मान खाली घातली. ती मात्र काळ्या दातांनी हसली. "खरं तरी बोललात," म्हणाली, आणि थुंकून चूळ भरली.

तिसऱ्या दिवशी रांग आली. धडधाकट रेघेशेजारी तिची रेघ ठेवली तेव्हा दोन्हींतला फरक मलासुद्धा दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाली, मशीन अजून चाचणीत आहे, निव्वळ त्यावर निकाल देता येत नाही. उजेडात जिथे बिघाड दिसला नेमका तिथलाच बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रोग होता, पण नुकता लागलेला. ऑपरेशन झालं. आता ती थोडी वाकडं बोलते, पण मासे खाते, भांडतेही.

ती घरी आली त्या दुपारी भाऊ माझ्या पाया पडायला आला.

"पडू नको. मला आनंद झालेला न्हाय."

"ठावं हाय," म्हणाला आणि तिथेच बसला. मला त्याला हाकलायचंही होतं, आणि नव्हतंही. तेवढ्यात ती अंगणातून ओरडली, "अहो, भात निवतोय, येताय का?" तो हलला नाही.

"ऊठ, जा," मी म्हटलं. "हाक मारतेय ती. मला न्हाय ऐकवत."