ताईंच्या पायऱ्या

ऑफिसात सगळे त्याला कंसमामा म्हणत. कंपनीतले लोक ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहीत, त्यातला लिस्प नावाच्या प्रोग्रामिंग भाषेचा भाग तो सांभाळायचा, आणि लिस्प म्हणजे जिकडेतिकडे कंसच कंस. उघडलेला प्रत्येक कंस बंद व्हायलाच हवा, एक जरी राहिला तरी खेळ खलास. दुसऱ्यांचे कंस जुळवून जुळवून तो पार वैतागला होता. काम नीट चाललं तर कुणी विचारत नसे, अडलं की त्याच्या नावाने शंख. बायको म्हणायची, घरातलं कपाटाचं दार उघडं टाकणारा माणूस जगाचे कंस बंद करत फिरतो.

शेजारच्या टेबलावर ताई बसत. शहरातले पाण्याचे पंप कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी तरुणपणी लिस्पमध्ये लिहिला होता आणि अजून त्याच तो बघत. कंसमामाला या कामात त्यांनीच हाताला धरून आणलेलं. त्यांची एकच खोड होती. लिस्पवाले शेवटचे सगळे कंस एकाच ओळीत दाटीवाटीने बसवतात. ताई प्रत्येक कंस नव्या ओळीवर, पायरी पायरीने मांडत. नवी मंडळी गालात हसत. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेत म्हणून कुणी काही बोलत नसे.

फाइल सेव्ह करताना एडिटरनेच शेवटचे कंस रीतसर एका ओळीत मांडावेत, ही मागणी कधीची पडून होती. कंसमामाने जिवावर आलेलं ते काम एकदाचं उरकलं आणि सगळ्यांना चालू करून दिलं.

दुसऱ्या दिवशी ताई पडद्यासमोर नुसत्या बसून होत्या. चहाला हात लावला नव्हता. फाइलमधलं अक्षरही बदललं नव्हतं, फक्त पायऱ्या गेल्या होत्या. काय झालं, असं त्याने विचारलं.

"मला नीट दिसत नाही रे आता," त्या हळूच म्हणाल्या. "एकेक ओळ मोठी करून वाचते. पण प्रोग्राममध्ये मी कुठे आहे ते पायऱ्यांवरून कळायचं. वरच्यांना सांगू नकोस, लगेच घरी बसवतील."

कंसमामाला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं तो त्यांचे कंस बघत आला होता, डोळ्यांकडे कधी बघितलंच नव्हतं.

केलेलं काढून टाकता येईना, कारण बाकीच्यांना ते आवडलं होतं. अंगात त्राण नसताना तो पुन्हा तेच घेऊन बसला. फाइल चारचौघांसारखीच सेव्ह व्हावी, पण ज्याला हवं त्याला पडद्यावर पायऱ्या दिसाव्यात. कधी कर्सर भलत्याच पायरीवर जाई, कधी कंस दोनदा उमटे. शेवटी जमलं. ताईंनी फाइल उघडली, हव्या त्या ओळीवर थेट बोट ठेवलं आणि कामाला लागल्या.

मग मॅनेजर आले. ही पायऱ्यांची भानगड कुणी मागितली, आणि तिच्यात इतके दिवस का घालवले, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. ताईंच्या कीबोर्डचा आवाज थांबला.

"मलाच लागते," कंसमामा म्हणाला. "डोळे अधू झालेत माझे."

असं असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, असं मॅनेजर म्हणाले. ज्या कामाला तो रोज शिव्या घालायचा, ते सुटणार म्हटल्यावर कंसमामाला एकदम हवंसं वाटू लागलं. तरी त्याने मान डोलावली.

शेजारी खुर्ची सरकली. ताई टेबलाचा आधार घेत उभ्या राहिल्या होत्या.

"त्याचे डोळे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "अधू झालेत ते माझे."