गेट म्हणजे रस्ता

माझं लग्न यॉर्क शहरापायी मोडलं, असं आमच्या घरात अजूनही मानतात. ते शहर मी पाहिलेलं नाही. आता पाहायची इच्छाही उरलेली नाही.

सोयरीक नांदेडहून आली होती, वडिलांच्या चुलतभावानं आणलेली. मुलगा इंग्लंडात, यॉर्क नावाच्या कुठल्याशा जुन्या शहरात, मोठ्या कंपनीच्या ऑफिसात. मी लातूरला बीएस्सी करून घरी बसलेली. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी वाचलेलं कळायचं, पण बोलायची वेळ आली की मी मराठीवर यायचे. बैठकीत मुलाच्या आईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पोरगी पसंत हाय आम्हाला. फक्त इंग्लिश बोलता आलं पाहिजे. आमचा मुलगा तिकडं साहेब लोकांत उठतो-बसतो." मुलगा सुट्टीवर आला, साखरपुडा करून परत गेला. लग्न पुढच्या सुट्टीत ठरलं.

लातुरात क्लासला काय तोटा? एका ठिकाणी जाऊन बघितलं. हॉटेलात चहा कसा मागायचा आणि बॉसला रजा कशी मागायची, एवढंच पाठ करून घेत होते. मग आईला आमच्या मागच्या गल्लीतल्या मॅडम आठवल्या. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुला जायचंय कुठं?" मी म्हणाले, यॉर्कला. त्या हसल्या. "मग व्याकरण राहू दे. आपण फिरायला जाऊ."

त्यांची शिकवायची पद्धत अशी होती. लॅपटॉपवर जुन्या शहरांतून चालत काढलेले व्हिडिओ लावायचे, आवाज बंद करायचा, आणि जे दिसेल ते मला इंग्रजीत सांगायला लावायचं. आधी एडिंबराचा किल्ला झाला, मग बाथ नावाच्या गावातली रोमन लोकांची न्हाणीघरं. "हे कोणी बांधलं? कशासाठी? आत कोण जायचं, कोणाला जाऊ देत नसत?" मी अडखळले की त्या थांबायच्या, शब्द स्वतः कधी द्यायच्या नाहीत. एकदा वैतागून मी म्हणाले, मला वाड्या-किल्ल्यांशी काय करायचंय? "मग आपल्या कंधारच्या किल्ल्याचं सांग, इंग्रजीत," त्या म्हणाल्या. तोही मला धड सांगता आला नाही.

यॉर्कला आम्ही पोचलो ते तिथंच राहिलो. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडं वळायचं, तटबंदी ओलांडायची, मग नदीवरचा पूल, आणि पूल उतरला की समोर त्या मोठ्या चर्चचे मनोरे. एक बोळ इतका अरुंद की दोन्हीकडची लाकडी घरं वर एकमेकांना टेकायला आलेली. "ही त्यांची खाटीकगल्ली," मॅडम म्हणायच्या. सगळ्यात मजा मला गेटची वाटली. त्या शहरात गेट म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता. शेकडो वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या लोकांनी तो शब्द तिथं सोडला. आणि वेशीच्या खऱ्या दरवाजाला ते म्हणतात बार. मी ते ऐकून खूप हसले होते. आपल्याकडंही निजामाच्या राज्यातले किती शब्द राहिलेत, मॅडम म्हणाल्या, आणि मग तेही मला इंग्रजीत सांगायला लावलं.

त्या दिवसांत मी खरंच खूश होते. रात्री डोळे मिटले की त्या पुलावरून चालायचे. आपण एक दिवस तिथं भाजी आणायला जाऊ आणि कोणालाच रस्ता विचारावा लागणार नाही, असं वाटायचं.

होणाऱ्या नवऱ्याचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. बोलणं साधंच, जेवलीस का, काय करून राहिलीस. एका रविवारी मी धीर करून इंग्रजीत बोलायला लागले. तोही खूश झाला. म्हणाला, अरे वा, चांगलं बोलतेस की. मला चेव आला. मी हसत विचारलं, "तुम्ही कुठल्या गेटवर राहता?"

त्याचा चेहरा बदलला. तो मराठीत म्हणाला, "गेटवर? मी काय वॉचमन हाय का?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी सांगायला लागले, गेट म्हणजे रस्ता ना तुमच्याकडं. मग तुमचं घर नदीच्या अलीकडं की पलीकडं? ऑफिसला जाताना तो पूल लागतो का? तटावरून चालत गेलात का कधी? तो म्हणाला, वेळ कुठाय. मी म्हणाले, पण स्टेशनातून निघालं की तट लागतोच. त्यानं कॉल कट केला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला, या वेळी चेहरा न दाखवता. म्हणाला, "मी तिथं राहत न्हाई. दुसऱ्या गावात गोडाऊनला काम करतो, पॅकिंगचं. यॉर्क एकदा बघितलंय, मित्रांबरोबर. फोटो तिथले हायत." मग म्हणाला, "घरी बोलू नकोस. लग्न झाल्यावर कुठं राहतो त्यानं काय फरक पडतो?"

मी म्हणाले, गोडाऊनच्या गावाला पण आले असते. आधी सांगायचं होतं.

"आधी सांगितलं असतं तर तुझ्या बापानं दारात उभं केलं असतं का?"

मी फोन ठेवला. त्याचं उत्तर आज मला माहीत आहे. नसतं केलं. पण तरीही ते विचारायचा अधिकार त्याला नव्हता.

मी वडिलांना सांगितलं. वडिलांनी नांदेडला काकांना फोन लावला, काकांनी मुलाच्या घरी. संध्याकाळपर्यंत निरोप उलटा आला. मुलीकडच्यांनी आमच्या मुलाची उलटतपासणी केली, असली शहाणी सून आम्हाला नको. मोडलं त्यांनी, खोटं बोलला त्यांचा मुलगा, आणि आमच्या घरात सगळे माझ्याकडं बघत बसले.

आई म्हणाली, "इंग्लिश शिक म्हटलं होतं. असलं खोदून विचारायला कोणी सांगितलं होतं?"

"तो खोटं बोलला, आई."

"सगळेच बोलतात. तू गप बसली असतीस तर आज तिकडं असतीस."

मॅडमना कुठूनतरी कळलं. त्या समजावायला घरी आल्या तर वडिलांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. म्हणाले, "तुमच्या गावगप्पांनी माझ्या पोरीचं वाटोळं झालं. तुम्ही एकट्या राहिलात, तिलाही तसंच ठेवायचंय का?" मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलावं असं त्यांना वाटलं असेल. मी बोललेच. म्हणाले, बाबा, त्यांची यात काय चूक? वडिलांनी दार लावून घेतलं.

नंतर पुन्हा त्यांच्याकडं जायची मला बंदी झाली. चोरून गेले तर त्याच म्हणाल्या, "नको येऊस. तुला त्रास होईल." काही दिवसांनी त्या पुण्याला भाच्याकडं राहायला गेल्या. फोन लागायचा, पण इंग्रजीत बोलणं आम्ही दोघींनी बंद केलं होतं.

त्या मुलाचं लग्न पुढच्याच सुट्टीत झालं, निलंग्याकडच्या एका मुलीशी. काका जेवून आले आणि आमच्या घरी बसून मंडपाचं कौतुक करत होते. ती मुलगी कुठं राहते, यॉर्कला की गोडाऊनच्या गावाला, हे मी विचारलं नाही. विचारणं मला महागात पडलेलं होतं.

पुढं मी बीएड केलं. आता नांदेडला एका नर्सिंग कॉलेजात इंग्रजी शिकवते. किनवटकडच्या, देगलूरकडच्या मुली येतात, तोंड उघडायला घाबरणाऱ्या. मी त्यांना पेशंटला कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे विचारायला शिकवते. शहरं दाखवत नाही.

दिवाळीला लातूरला गेले की कोणीतरी पाहुणा विचारतो, मुलीचं अजून जमवलं नाही का? वडील पेपर खाली ठेवतात आणि सांगतात, "तिलाच करायचं नव्हतं. इंग्लिशची लई आवड हो तिला." पाहुणा कौतुकानं माझ्याकडं बघतो. आई आतून चहा आणते. मी कप घेते आणि वडिलांचं म्हणणं खोडून काढत नाही.