साडूचा बाण आणि माझा बिब्बा

माझा बाण शेपूट हलवत जायचा. सरळ जाणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. सुटला की आधी उजवीकडे मान वळवायचा, मग डावीकडे, आणि वाटेत सगळ्यांची चौकशी करत निघालेल्या पेठेतल्या निवृत्त गृहस्थासारखा लक्ष्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन टेकायचा. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या साडूचा बाण सुटला, की थेट मधल्या पिवळ्या वर्तुळात. मधे काही घडलंच नाही, असा.

या साडूबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी लग्न करून तो विदर्भातून एक बॅग घेऊन पुण्यात आला, तेव्हा हडपसरला काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. तिथल्याच एका कंपनीत मी होतो. त्याला तिथे मीच चिकटवला. पुढच्या काही वर्षांत तो दोनदा अमेरिकेला जाऊन आला आणि माझ्या साहेबाचा साहेब झाला. मी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतच होतो; त्याने वाघोलीला भलामोठा फ्लॅट घेतला आणि एक लांबलचक चंदेरी गाडी. सासुरवाडीला पहिली पुरणपोळी पूर्वी माझ्या ताटात पडायची. ती हळूहळू सरकत त्याच्या ताटात गेली. कुणी काही बोललं नाही. पोळीच बोलली.

राहता राहिलं धनुष्य. दोघांचीही पोटं सुटली म्हणून वाघोलीच्या पुढे एका मैदानावर आम्ही रविवारी तिरंदाजी शिकायला जायचो. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीची दोन कंपाउंड धनुष्यं घेतली. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की चाकं ओझं उचलतात आणि निवांत नेम धरता येतो. आणि काय सांगू, पहिले दोन महिने मी पुढे होतो. चांगला पुढे. दर रविवारी दुपारी मी सासऱ्यांना प्रकृती विचारायला फोन करायचो, आणि बोलता बोलता गुणांचा विषय निघायचाच. मीच काढायचो.

मग एका रविवारी साडूने माझं धनुष्य हातात घेऊन बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, “भाऊ, तुमच्या धनुष्यात काहीतरी आहे, राजेहो.”

अगदी मनापासून म्हणाला. मी मात्र ते त्याच्या हातातून काढून घेतलं. या माणसाची नजर ज्या ज्या गोष्टीवर पडली, ती त्याची झाली होती. मी मंडईतून एक बिब्बा आणला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि बाण ज्या आधारावर टेकतो, त्याच्या आतल्या बाजूला बांधला. धनुष्य काळं, दोरा काळा, बिब्बा काळा. कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

पुढच्याच रविवारपासून बाण वाकडे जाऊ लागले. नजर केवढी जबर असेल, विचार करा. मी दुसरा बिब्बा ओवला.

मैदानाची दसऱ्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती आणि त्याच दिवशी संध्याकाळी सासऱ्यांकडे जेवण. शेवटची एक गोष्ट माझी होती, तीही त्या ताटात जाणार, हे मला दिसू लागलं.

मैदानाचे सर म्हणजे अस्सल पुणेरी. त्यांनी चौकटीवर वर्तमानपत्र ताणून बसवलं आणि दोन पावलांवरून त्यातून बाण मारायला लावला. बाण सरळ गेला तर कागदाला एक भोक आणि पिसांच्या तीन चिरा, बस्स. साडूचं भोक चांदणीसारखं आलं. फ्रेम करून लावावं असं. माझ्या बाणाने अर्धं संपादकीय फाडलं. दुसऱ्याने वर, तिसऱ्याने डावीकडे.

सरांनी सांगितलं, की फाटण्याची दिशा दर वेळी तीच असती तर आधार किंवा दोरीवरची बाण अडकवायची खूण सरकली म्हटलं असतं. दर वेळी नवी दिशा म्हणजे एक तर हात वाईट, नाहीतर बाणाला काहीतरी लागतंय. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, असंही बजावलं. ऑफिसात नव्या पोरांना हेच मी दिवसातून चारदा सांगायचो. घरी जाऊन मी आधार सरकवला, खूण हलवली, चार स्क्रू पिळले, सगळं एकाच दुपारी. पुढच्या रविवारी बाण लक्ष्य सोडून कुंपणापाशी गेला.

सर म्हणाले, “हातानेच फेका. धनुष्याला कशाला तसदी?”

मग साडूने सुचवलं, की अदलाबदल करू. माझे बाण त्याच्या धनुष्यातून सरळ गेले. म्हणजे बाण ठीक. मग तो माझं धनुष्य घेऊन उभा राहिला, आणि त्याचा बाण शेपूट हलवत निघाला. माझं धनुष्य बिघडलंय हे त्या क्षणी सिद्ध झालं, आणि मी आनंदाने जवळजवळ टाळी वाजवली. त्याचा बाण शेपूट हलवताना मी प्रथमच पाहत होतो.

तो मात्र विचारात पडला. त्याने पिसांवर पावडर भुरभुरली, एक बाण मारला, आणून पाहिला. खालच्या पिसावरची पावडर पुसली गेली होती. मग तो वाकला, धनुष्याच्या आत बोट घातलं आणि पावडरीने पांढरे झालेले दोन बिब्बे बाहेर ओढले. दर बाणाला ते झुलायचे आणि पिसाला कुठूनतरी टोला द्यायचे.

“भाऊ, हे काय?”

“तुमच्या ताईने बांधलं असेल,” मी म्हणालो.

बायको चार हातांवर चहाचा थर्मास घेऊन बसली होती. “मी?” ती म्हणाली. “मला ते कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही.” आणि थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, “कुणाची नजर लागत होती म्हणे?”

साडूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला कळलं. खिशातून चाकू काढून त्याने दोरा कापला, बिब्बे खिशात टाकले आणि म्हणाला, “मी ठेवतो. आता मला लागतील.”

सरांनी आधार आणि खूण मूळ जागी आणून दिली. पुढच्या बाणाने कागदाला चांदणी पाडली.

दसऱ्याला मी त्याला एका गुणाने हरवलं. खरंच हरवलं. संध्याकाळी सासऱ्यांना ही बातमी कशी सांगायची, याची मी वाटभर तालीम केली. पण तो आधी पोचला होता आणि त्यानेच ती सांगून टाकली होती, माझा नेम, माझी स्थिरता, सगळं हावभावांसह. बिब्ब्याचं अवाक्षर नाही. सासरे सद्गदित झाले.

“हरला तरी कौतुक करतो,” ते सगळ्यांना म्हणाले. “मनाचा केवढा मोठा.”

आणि पहिली पुरणपोळी त्याच्या ताटात वाढली.

निघताना पाहिलं, बिब्बे त्याच्या गाडीच्या आरशाला टांगलेले होते. माझ्या धनुष्यापेक्षा तिथे जास्त शोभत होते.