लाल गाडीची खोटी खबर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझी मलाच लाज वाटते. भोपाळमध्ये मिसरोडकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. वाहनचोरीची इतकी प्रकरणं हाताखालून गेली होती की, चोरीची गाडी मी लांबूनच ओळखतो, असं हवालदारांपुढे बिनदिक्कत सांगायचो. कुणी हसत नसे, कारण साहेबाच्या बढाईला हसायची ठाण्यात पद्धत नसते.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाण्याचे मुंशी, म्हणजे लिखापढी सांभाळणारे हेड कॉन्स्टेबल, फोन घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी फोन घेतला. पलीकडे एक बाई होती. हायवेच्या मागच्या गॅरेजमध्ये दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार उभी आहे, ती चोरीची आहे, तिचा नंबर बदललेला आहे, आणि सोनागिरी वसाहतीतले एक वयस्कर गृहस्थ ती विकत घेणार आहेत. "उनको रोकिए साहब, आज ही रोकिए," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. नाव सांगितलं नाही. मुंशींनी फोनवर दिसलेला नंबर रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, टिपून ठेवला.

तासाभरात ते वयस्कर गृहस्थ आपल्या पायांनी ठाण्यात आले. जुनी गाडी घेण्याआधी पोलिसांना विचारायला येणारी माणसं मी उभ्या आयुष्यात चार-पाच पाहिली असतील. हे त्यातले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"मराठी का साहेब? मग मोकळं बोलतो. गाडीला गंज किती चढलाय ते मला कळतं. तिच्या मागे काही भानगड असेल तर ती तुम्हाला कळेल. तेवढं बघून द्या, म्हणजे घ्यायची की नाही ते मला ठरवता येईल."

मी त्यांना काका म्हणू लागलो. फाईलमध्ये आरसी बुकाची झेरॉक्स होती आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. गाडीच्या सांगाड्यावर जो नंबर ठोकलेला असतो त्यावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, आकडे कागदावर उमटतात. आरटीओत ही प्रिंट लागते. काकांनी ती स्वतः काढून आणली होती.

मी कागद उजेडात धरला आणि मनात म्हटलं, सापडला. प्रत्येक आकडा दुहेरी होता. आठाच्या मागे आणखी एक आठ, तीनाच्या मागे आणखी एक तीन. जुना नंबर घासून त्यावर नवा ठोकला की खालचा असाच डोकावतो. काकांना काही न सांगता घरी पाठवलं आणि गॅरेजवाल्याला उचलून आणलं.

तो जुन्या भोपाळचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. अंगावर ग्रीसचे डाग, तोंडात पान.

"ये गाड़ी कहाँ से उठाई?" मी विचारलं.

"उठाई? साहब, खड़े-खड़े चार साल हो गए मेरे यहाँ. मैं तो खुद अंकल को मना कर रिया था. फर्श गल गया है, बैठोगे तो सीधे सड़क पे बैठोगे. वो मानें तब ना!"

"और नंबर?"

"नंबर पे किसी ने छेनी मारी हो तो मेरा हाथ काट लेना. आप चल के देख तो लो."

जो चोर असतो तो गाडी बघायला चला असं सहसा म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी उठलो नाही. हातातला कागद मला पुरेसा वाटला. मूळ मालकाचा पत्ता, गाडी कधी आली, कुणी आणली, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत मी त्या माणसाला तीन तास बाकावर बसवून ठेवलं. उत्तर एकदाही बदललं नाही. चोरीच्या वाहनांच्या नोंदींतही ही गाडी मिळाली नाही. शेवटी मुंशीच मला म्हणाले, "सर, एक बार मौके पे हो आएँ?"

गेलो. गाडी पत्र्याच्या शेडखाली होती. एके काळी लाल असावी. दरवाज्याला हात लावला तर खालच्या कडेचा पापुद्रा हातात आला. मी रॉकेलने चेसिस पुसून घेतलं, कागद धरला, पेन्सिल घासली. आकडे स्वच्छ उमटले. एकेरी. धातूवर घासल्याची खूण नाही, ठोकल्याची नाही. उस्ताद बाजूला उभा होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चाय पियोगे साहब?"

म्हणजे नंबर खरा, गाडी खरी, आणि खबर मात्र खोटी. रोजनामच्यातला फोन नंबर सोनागिरीतल्या औषधांच्या दुकानाचा निघाला. दुकानदाराला बाई चांगल्या आठवत होत्या. "आंटी हैं ना, अंकल की बीपी की दवा ले जाती हैं. बोलीं मोबाइल बंद हो गया." आणि त्याने काकांच्या घराकडे बोट दाखवलं.

दार काकूंनी उघडलं. वर्दी बघून त्यांचा चेहरा उतरला, पण मी मराठी बोललो तशा "या, बसा" म्हणाल्या. काका खूश होऊन समोर बसले. चहा आला. माझा कप काठोकाठ भरलेला. काकांच्या कपात मात्र अर्धाच चहा, आणि तो काकूंनी त्यांच्या हातात न देता टेबलावर, अगदी त्यांच्या बोटांजवळ ठेवला. काकांनी कप उचलला. कप हलला, चहा हलला, पण सांडला नाही.

खिशातला तो दुहेरी आकड्यांचा कागद मला तेव्हा कळला. नंबरावर कुणी नंबर ठोकला नव्हता. पेन्सिल घासताना कागद धरणारा हात थरथरला होता.

पाणी मागायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो. आयुष्यात पुष्कळ चौकश्या केल्या, ओट्याला टेकून केलेली ही एकच.

"काकू, फोन तुम्ही केलात."

त्यांनी नाकारलं नाही. पदराने हात पुसत राहिल्या. "मीच केला. काय करू? दीड वर्ष झालं, यांचे हात थरथरतात. यांना कळू दिलं नाही मी. कप अर्धा भरते, शर्टाची बटणं मीच लावून टाकते, उशीर होतोय म्हणते. आता हे म्हणतात गाडी आणून स्वतः उघडणार, जोडणार. पहिल्याच स्क्रूला कळेल ना हो त्यांना! कारखान्यात यांच्या हातासारखा हात नव्हता, माहितीये? मला ते बघवणार नाही." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही सांगा, गाडी चोरीची आहे म्हणून. तुमचं ऐकतील."

खरं सांगतो, सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. एक वाक्य बोलायचं होतं, कुणाचं नुकसान नव्हतं. पण त्या दिवशी एका माणसाला न बघता चोर ठरवून मी एकदा चुकलो होतो. पुन्हा तेच करायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर येऊन मी दोन्ही कागद काकांसमोर ठेवले. "हा तुमचा, हा माझा. गाडी चोरीची नाही काका."

फिटरच ते. त्यांना समजायला किती वेळ लागणार? दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी लावले, आकड्यांवरून बोट फिरवलं. "माझ्या हातून कागद हलला," ते म्हणाले. मग दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे बघून, "अगं, मला माहिती आहे. अर्धा कप प्यायला मला काय आवडतं होय? तू एवढं सांभाळतेस, म्हटलं, सांभाळू दे."

काकू तिथेच खाली बसल्या. रडू आलं त्यांना, आणि रागही. "मग कशाला हवी ती गाडी?"

"म्हणूनच हवी. छत्तीस वर्षं मी वीजघरांच्या यंत्रांचे भाग केले. माझं काम झालं की भाग खोक्यात आणि खोकं ट्रकवर. ते यंत्र कुठे बसलं, कसं सुरू झालं, एकदाही पाहिलं नाही. हात पुरते जायच्या आत एक तरी यंत्र अख्खं जोडून सुरू झालेलं बघायचंय मला." ते माझ्याकडे वळले. "सांगा साहेब, घेण्यासारखी आहे का ती?"

मी म्हटलं, "काका, गाडी म्हणाल तर भंगार आहे."

काकूंनी डोळे पुसले. "घ्या," त्या म्हणाल्या. "पण एकट्याने करायचं नाही. जन्मभर ब्लाउज शिवलेत मी, माझे हात अजून चांगले आहेत."

पोलिसांना खोटी खबर देणं हा गुन्हा आहे, हे मी काकूंना सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि पुन्हा चहा टाकला. रोजनामच्यात मी 'खबर पडताळली, वाहन चोरीचे नाही' एवढंच लिहिलं. नोकरीत मला शिकवलं होतं की खोटं सापडलं की त्यात फायदा कुणाचा ते शोधा. पुष्कळदा उपयोगी पडलं ते. पण खोटं माणूस मायेपोटीही बोलतो, आणि तेव्हा समोरच्याला ते बहुतेक आधीच कळलेलं असतं, हे मला त्या घरात समजलं. दोघांनी एकमेकांना जपताना दीड वर्ष एकेकट्याने काढलं होतं. आणि दुसरी शिकवण माझ्यापुरती: कागद बघण्याआधी गाडी बघावी.

पुढच्या हिवाळ्यात मला बोलावणं आलं. घरामागच्या शेडमध्ये गाडी उभी होती. गाडीचा सडलेला तळ उस्तादने रविवारी येऊन येऊन वेल्डिंग करून दिला होता. गंज निम्मा अजून तसाच होता. काकूंच्या बोटांना ग्रीस लागलेलं होतं आणि प्लगमध्ये फट किती ठेवायची यावर दोघांचा वाद चालला होता. मग काकू स्टीअरिंगमागे बसल्या. चावी फिरवली. दोनदा नुसतीच घरघर झाली, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

काका बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे होते. सगळी गाडी थरथरत होती आणि त्यांचे हातही. कोणती थरथर कुणाची, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"अहो, बंद करू का?" काकू ओरडल्या.

"राहू दे," काका म्हणाले, "अजून थोडा वेळ राहू दे."