चौकशी समितीतली नणंद

माझ्या नणंदेला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. जेवायचं ताटसुद्धा ती हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत फिरायची. सासूबाई म्हणायच्या, ही पोटात होती तेव्हाही अशीच, मला धड कूस बदलू द्यायची नाही. घरात आणि मैदानावर तिला सगळे भिंगरी म्हणत. राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघात ती सेटर होती, म्हणजे दुसऱ्याने मारावा असा चेंडू उचलून देणारी. फोटो मारणारीचा छापून येतो. भिंगरीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तेवढा वेळ ती थांबली नाही. खेळ सुटल्यावर ती एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही. ती आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. खाली मी, हे आणि सासूबाई.

हे म्हणजे तिचा दादा. कपडे वाळत घालायच्या दोरीचं जाळं करून ह्यांनीच तिला खेळायला शिकवलं होतं. पुढे हे प्रशिक्षक झाले आणि खूप वर्षं घासल्यावर मुलींच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक. त्या दिवशी भिंगरी आमच्या दारात उभी राहून नुसतीच हसत होती.

त्याच सुमाराला सरकारने नियम काढला की प्रत्येक खेळाच्या महासंघाच्या कार्यकारिणीवर एक तरी माजी खेळाडू हवा. व्हॉलीबॉल महासंघाच्या अध्यक्षांनी भिंगरीचं नाव सुचवलं. अध्यक्षांचा धंदा मालवाहतुकीचा. चेंडूला त्यांनी उद्घाटनापुरता हात लावलेला. पण माणूस मोठा गोड. कोणाच्या वडिलांचं पथ्य काय, कोणाच्या मुलीची परीक्षा कधी, सगळं त्यांना पाठ. भिंगरीला निवडण्यामागचा त्यांचा हिशेब सरळ होता. भाऊ हाताखाली आहे, तेव्हा बहीण मुठीतच राहणार. ती बैठकांना जायची आणि परत येऊन मला सांगायची की आज पुन्हा सगळ्यांनी सगळ्याला हो म्हटलं. टेबलाखाली तिचे पाय हलत असायचे, म्हणून शेजारचे सदस्य खुर्ची लांब ओढून बसत.

मग ती शिबिराची भानगड झाली.

परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेआधी मुलींचं सराव शिबिर महासंघाच्या हॉलमध्ये चालू होतं. तिथली जमीन लाकडी, उडी मारून उतरलं की जरा दबणारी. शिबिर निम्म्यावर आलं असताना हॉल अचानक एका फर्निचर प्रदर्शनाला दिला गेला. प्रदर्शन भरवणारा गृहस्थ बऱ्याच जिल्हा संघटनांची मतं खिशात घेऊन फिरायचा आणि महासंघाची निवडणूक तोंडावर आली होती. मुलींना अध्यक्षांच्याच एका गोदामात हलवलं. खाली सिमेंट, वर रबरी चटया. ह्यांनी कार्यालयात फोन केला होता, ते मी स्वतः ऐकलं आहे. जमीन बरोबर नाही, असं हे म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, बरं, बरं, बघतो काय ते.

त्या गोदामात संघातली सगळ्यात उंच मुलगी उडी मारून उतरली आणि पायाखालची चटई सरकली. तिला मैत्रिणी शिडी म्हणायच्या. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. स्पर्धा गेली, मोसम गेला. पुन्हा तशी उडी बसेल की नाही, हे डॉक्टर सांगेनात. तिच्या वडिलांनी पत्रकारांना बोलावलं आणि गोदामाचा फोटो सगळीकडे फिरला. अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी समिती नेमली. एक निवृत्त न्यायाधीश, एक महासंघाचेच डॉक्टर आणि माजी खेळाडू म्हणून भिंगरी.

खरं सांगते, घरात आम्हाला हायसं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, चला, आपलंच माणूस आहे आत. मलाही तसंच वाटलं.

भिंगरी समितीच्या पहिल्या बैठकीआधीच इस्पितळात गेली. शिडी पाय उशीवर ठेवून भिंतीकडे बघत पडली होती. भिंगरी खाटेभोवती फिरत राहिली, तेव्हा ती मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही फिरताय ते बघून मला आणखी त्रास होतोय. भिंगरी पटकन स्टुलावर टेकली. मग मुलगी बोलली. चटई सरकते हे तिने आधीच सांगितलं होतं. कोणाला, असं भिंगरीने विचारलं.

"सरांना. सर म्हणाले, थोडे दिवस काढा, मग परदेशात मस्त लाकडी जमीन आहे."

तिथून ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. मी भांडी विसळत होते. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि विसळलेलंच पुन्हा विसळायला लागली.

"वहिनी, दादाला माहीत होतं."

मी त्या फोनचं सांगितलं. ह्यांनी कळवलं होतं, नाही असं नाही. ती म्हणाली, कळवलं हे खरं आणि मुलींना उतरवलं हेही खरं. मला राग आला. बाहेरच्यांनी बोट दाखवलं तर समजू शकते, पण दोरीवरून खेळायला शिकवणाऱ्या भावावर? मी तसं बोललेही. तिने भांडं उपडं ठेवलं आणि वर निघून गेली. मग रात्रभर माझ्या डोक्यावर छतातून पावलं वाजत राहिली, खिडकीपर्यंत आणि परत.

चौकशी सुरू झाली आणि जो येईल तो चेंडू पलीकडे ढकलू लागला. हॉलचा व्यवस्थापक म्हणाला, मला कार्यालयातून सांगण्यात आलं. सचिव म्हणाले, वरून तोंडी सूचना होती. वर कोण, असं विचारल्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली. डॉक्टरसाहेबांचं मत होतं की सरावाची जागा सुरक्षित आहे की नाही हे बघणं प्रशिक्षकाचं काम, तेव्हा प्रकरण मिटलं. भिंगरी म्हणाली, अध्यक्षांना बोलवा. न्यायाधीश थकलेले होते पण मनाने वाईट नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि बोलावणं धाडलं.

अध्यक्ष आले ते सगळ्यांसाठी चहा सांगूनच. न्यायाधीशांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. हॉल प्रदर्शनाला द्यायचा निर्णय सामूहिक होता, असं म्हणाले. भिंगरी उठून खिडकीशी गेली आणि तिथून तिने विचारलं की ती कार्यकारिणीत आहे, तर त्या समूहात ती कधी होती. अध्यक्ष हसले. तातडीचे निर्णय फोनवर होतात, म्हणाले. कोणाच्या फोनवर, असं तिने विचारलं. माझ्या, असं त्यांना म्हणावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांची पाळी होती. बहीण टेबलापलीकडे आणि भाऊ अलीकडे. ह्यांनीच मला नंतर सांगितलं की तिने एकच प्रश्न विचारला, तोही न फिरता. मुलींना त्या जमिनीवर उतरवलं कोणी? मी, असं हे म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

संध्याकाळी हे वर गेले. मी मागोमाग गेले, पण आत जायचा धीर झाला नाही. जिन्यातच उभी राहिले. दार उघडंच होतं.

"तू समितीत आहेस म्हणून मी निर्धास्त होतो," हे म्हणाले.

"आणि तू खरं सांगशील म्हणून मी."

"सांगितलं की. आता पुढे काय?"

"आता मी ते अहवालात घालणार. अध्यक्षांचं नाव आणि तुझं नाव."

हे समजुतीच्या सुरात म्हणाले की अध्यक्षांच्या केसालाही धक्का लागणार नाही, जाणार तो मीच, हे तुला कळतंय ना. कळतंय, ती म्हणाली. आणि तरीही? आतली पावलं थांबली.

"दादा, तुझं नाव गाळलं तर त्यांचं घालायला मला तोंड उरत नाही."

हे खाली उतरले ते माझ्या शेजारून गेले, पण मी त्यांना दिसले असं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. सासूबाई मध्ये सापडल्या. वर गेल्या की मुलाची बाजू घ्यायच्या, खाली आल्या की मुलीची. मी कोणाचीच घेतली नाही, असं मला वाटायचं, पण वर चहा पाठवायचं मात्र मी बंद केलं होतं.

समितीतल्या बाकी दोघांनी केलेल्या अहवालाच्या मसुद्यात फक्त ह्यांचं नाव होतं. भिंगरी सही करेना. न्यायाधीशांनी तिला बाजूला घेतलं आणि समजावलं की एकमताचा अहवाल वजनदार असतो. ती म्हणाली, मग वजन सगळ्यांवर सारखं पडू दे. शेवटी न्यायाधीशच वळले. हॉल काढून घेतला अध्यक्षांनी आणि मुलींना धोक्याच्या जागी खेळवलं प्रशिक्षकाने, असं दोन वाक्यांत स्वच्छ लिहिलं गेलं. डॉक्टरसाहेबांनी सही केली, पण जाताना तिला नमस्कार केला नाही.

अहवाल सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा भिंगरी मला घेऊन गेली. तू चल वहिनी, म्हणाली, नाहीतर मी मध्येच उठून बाहेर जाईन. मी तिच्यावर चिडलेले होते, तरी गेले. मागच्या रांगेत बसले. आपल्या माणसाचं नाव भर सभेत वाचलं जाताना ऐकणं काय असतं, ते मी कोणाला सांगणार नाही.

मग अध्यक्ष उभे राहिले. हात जोडलेले. ती मुलगी मला मुलीसारखी, म्हणाले. गोदाम माझं, निर्णय माझा आणि म्हणून नैतिक जबाबदारीही माझी. मी या क्षणी पदाचा राजीनामा देत आहे. सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मलाही क्षणभर वाटलं की झालं, जिंकली ही. मग चहाची सुट्टी झाली.

चहानंतर एका जिल्ह्याचे प्रतिनिधी उठले. इतका मोठ्या मनाचा माणूस महासंघाला पुन्हा मिळायचा नाही, म्हणाले, तेव्हा रिकाम्या झालेल्या पदावर मी त्यांचंच नाव सुचवतो. अनुमोदन आलं. हात वर झाले, रांगाच्या रांगा. फर्निचरवाले गृहस्थ तर दोन्ही हात वर करून बसले होते.

भिंगरी उभी राहिली.

"माझा हात खाली आहे. तेवढी नोंद करा. आणि जबाबदारी घेतली म्हणजे नक्की काय घेतलं आणि ते कुठे ठेवलं, एवढं मला कोणीतरी सांगा."

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष अजिबात रागावले नाहीत. ताईंचा मुद्दा मोलाचा आहे, म्हणाले, आणि त्यावर विचार करायला त्यांनी तिथल्या तिथे एक उपसमिती नेमली.

ह्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नव्या रक्ताला वाव द्यायचं ठरलं आहे, इतकंच. हे फोन ठेवून दाढी करायला गेले आणि नेहमीसारखी दाढी करून आले, जायचं कुठेच नसताना.

भिंगरीने कार्यकारिणी सोडली नाही. सोडली असती तर सगळ्यांची सोय झाली असती. शाळा सुटली की बस पकडायची आणि या ना त्या जिल्ह्यात जाऊन खेळाडूंना गाठायची. महासंघाच्या निवडणुकीत खेळाडूंना मतच नाही, ते मागा, हे तिचं एकच पालुपद. कुठे भरपूर जमायचे, कुठे कुलूप लावलेलं मैदान. पुढच्या निवडणुकीत ती सचिवपदाला उभी राहिली आणि सपाटून पडली. खेळाडूंना मत मिळायला आणखी एक मुदत जावी लागली आणि तेही मोजक्यांनाच. अध्यक्ष तोवर वंदनीय म्हातारे होऊन संरक्षक या नव्या पदावर बसले होते. शिडी परत खेळली, पण पहिल्यासारखी नाही. ती आता पंचाची परीक्षा देते आहे. भिंगरीवर तिचा राग नाही, आणि ह्यांच्यावरचा अजून गेलेला नाही.

ह्यांना बऱ्याच काळाने दूरच्या एका कारखान्याच्या संघाचं काम मिळालं. आम्ही घर हलवलं. सामान निघालं त्या दिवशी दुपारी कपाट दारात अडकलं. हमाल आणि हे एका बाजूने, दुसरी बाजू धरायला कोणी नाही. भिंगरी जिन्यात उभी होती, काय करावं ते न कळल्यासारखी.

"धर तिकडून," हे म्हणाले.

तिने धरलं. कपाट तिरकं करून त्यांनी बाहेर काढलं. ह्यांची बोटं चौकटीत चेमटली, तिने बघितलं, विचारलं नाही. टेम्पोत चढवल्यावर हे हात झटकत उभे राहिले आणि कोणाकडेच न बघता म्हणाले की मी त्या गोदामाला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, पण तूही माझं नाव घालायच्या आधी एकदा रडायला हवं होतंस.

"रडले होते," ती म्हणाली. "वहिनीला विचार. रात्रभर छत वाजत नव्हतं का?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी हो म्हटलं. मग टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि आम्ही चढलो.