आमरसासाठी काढलेला डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगणं जमतंय का? असेल तसंही.

गोष्ट तशी लहान. नव्वदच्या दशकाचा मध्य, सांगलीतलं एक कॉलेज. मी साताऱ्याची, त्या कॉलेजात नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलेली, आणि शालन माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. ती म्हसवडची, वडील फौजेतून रिटायर झालेले. हुशार होती, कामाला वाघ होती, आणि मला ती थोडी खुपायची — हे आत्ताच सांगून टाकते. ती वर्गात असं काही विचारायची की उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागे.

तिचा विषयही तिनेच शोधलेला. कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारावल्या होत्या. त्या खाऱ्या मातीतले जिवाणू तिने आणले आणि विचारलं, हे मिठात जगतात कसे? जिवाणूचा डीएनए नुसता लांब धागा नसतो, त्याला पीळ असतो. सुतळीला जास्त पीळ दिला की ती स्वतःभोवतीच वेटोळी होते, तसा तो आवळून बसतो. शालनचं म्हणणं असं, की मिठात हा पीळ आणखी चढतो. हा पीळ पेडांच्या वळणाच्या उलट दिशेचा, म्हणून त्याच्या ताणाने धाग्याचे दोन पेड काही ठिकाणी सहज सुटे होतात, आणि तिथलं जनुक कामाला लागतं. म्हणजे जनुकातली अक्षरं तीच, पण पीळ बदलला की गप्प बसलेलं जनुक बोलायला लागतं.

हे दाखवायचं जेलवर, म्हणजे खरवसासारख्या एका थरातून विजेच्या जोरावर डीएनए पुढे सरकवायचा; तो जिथवर पोचतो तिथे पट्टा दिसतो. घट्ट पिळाचा डीएनए आटोपशीर, म्हणून जेलमधून भरभर पुढे जातो; पीळ सुटलेला मागे रेंगाळतो. कमीजास्त पिळातला फरक दिसावा म्हणून जेलमध्ये क्लोरोक्वीन घालतात — हो, हिवतापावरचंच. मिठातल्या जिवाणूंचा पट्टा शालनला खरोखरच पुढे सापडला. फोटो काढला तेव्हा ती नाचायचीच बाकी होती.

मे महिन्यात पुण्याहून परीक्षक यायचे होते. त्यांच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होती आणि हे काम पटलं तर ती शालनला मिळणार होती. घरी वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "पुन्याचं जमलं तर शीक. न्हाईतर कवठे महांकाळचं स्थळ हाय, मी आता थांबनार न्हाई."

आदल्या दुपारी विभागप्रमुखांच्या घरून पाहुण्यांसाठी आमरसाचं पातेलं आलं. ते गार करायचं होतं. फ्रीजर सगळ्या विभागात एकच, आणि त्यात खाण्याचं ठेवायचं नाही हा नियम फक्त मुलांना. पातेलं बसेना म्हणून मी शालनने उद्यासाठी काढून ठेवलेल्या डीएनएच्या नमुन्यांचा डबा बाहेर काढला आणि खिडकीत ठेवला. लगेच दुसरीकडे हलवणार होते. तेवढ्यात चहाला हाक आली — आणि मी विसरले. संध्याकाळी आठवलं तेव्हा डबा हाताला कोमट लागत होता. गुपचूप परत आत ठेवला.

मला काय झालं असेल ते कळत होतं. आमचे नमुने काही फार शुद्ध नसत. त्यातली उरलीसुरली विकरं, म्हणजे एन्झाइम, उन्हाच्या उबेत डीएनए कुरतडणार. एका पेडाला एक बारीक चीर पुरते, सगळा पीळ सुटतो. हे शालनला मीच शिकवलं होतं.

सकाळी तिने परीक्षकांसमोर जेल चालवलं. सगळे पट्टे मागे, एका रांगेत. परीक्षकांनी आधीचा फोटो पाहिला, जेल पाहिलं, आणि विचारलं, मग तेव्हा तुम्हाला दिसलं ते काय होतं?

शालन माझ्याकडे वळली. "मॅडम, माजा डबा कुनी भाईर काढला व्हता का?" एरवी माझ्याशी ती जपून, पुस्तकी बोलायची.

"नाही," मी म्हणाले.

इथे थांबले असते तर? तर ते नुसतं भित्रेपण झालं असतं. पण मी पुढे बोलले — मला कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाले, "उत्साही मुलगी आहे सर, तिला जे हवं होतं ते दिसलं असेल."

मला त्या क्षणी बरं वाटलं. खरं तेच आहे. नंतर सगळे जेवायला बसले, आमरसाची तारीफ झाली, मीही वाढून घेतला.

आठवड्याच्या आत तिने जिवाणू पुन्हा वाढवले, डीएनए पुन्हा काढला. पट्टा पुढे आला होता, अगदी पहिल्यासारखा. धावत आली. "मॅडम, आलं बगा! पुन्याच्या सरांना कळवू?" मी म्हणाले, आता मागे लागू नकोस, वाईट दिसतं, त्यांचं ठरलंय. त्यांचं काय ठरलंय ते मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्या दिवशीच्या नमुन्यांचं काय झालं, हा प्रश्न आलाच असता. तिने माझं ऐकलं. मी तिची मॅडम होते.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी गेले होते, अक्षता टाकल्या. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "आवं मॅडम, तुमी व्हता म्हनून पोरगी येवढं तरी शिकली." मी म्हणाले, छे, छे, तिचीच मेहनत. शालन बोहल्यावरून माझ्याकडे बघून हसली. मनापासून हसली.

तिला काहीच माहीत नव्हतं. अजूनही नसावं.

आणि हेही एवढ्यावर थांबलं नाही. पुढे दरवर्षी डीएनएचा पीळ शिकवायला घेतला की मी वर्गाला एका मुलीची गोष्ट सांगायचे. जे दिसावंसं वाटतं तेच संशोधकाला कसं दिसतं, त्याचं उदाहरण म्हणून. नाव घेत नसे. पण म्हसवडची होती, हे सांगायचे, आणि "माजा डबा कुनी भाईर काढला व्हता का" हे तिच्या आवाजात करून दाखवायचे. मला ते छान जमायचं. वर्ग खो खो हसायचा.